दुसरीतली साक्ष

शाळेच्या गेटमधून आत गेलं की उजव्या हाताला सिमेंटचा एक बाक आहे. तो माझ्यासाठी घातलेला आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. आता मी त्यावर बसत नाही.

आमचं गाव कोल्हापूरला लागूनच. केएमटीची बस जिथं शेवटी वळते, तिथंच शाळा. पहिली ते सातवी, एकशेचाळीस मुलं. माझी चंदना पहिलीत गेली तेव्हा मी रोज गेटबाहेर उभारायची. सोडायला जायची ती परत यायचीच नाही. ती पडेल, तिला कुणी ढकलेल, नळाचं पाणी पिईल, असं एकेक डोक्यात यायचं. बायका मला गेटवाली म्हणायच्या. माझ्या तोंडावरही म्हणायच्या, आमच्याकडं मागून बोलायची पद्धत नाही.

दानेश्वरीअक्का तेव्हा नुकतीच शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली होती. तिचा मुलगा पाचवीत. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभारली.

"उन्हात काय करालीस गं?"

"पोरगी आत आहे."

"आत हाय म्हणून तर बरं हाय. तू भाईर वाळून जाशील. आत ये, बस."

बसायला काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाक आला. तिनं कुणाकडनं मागून आणला ते मला कधी सांगितलं नाही. त्या बाकावर मी अख्खं वर्ष काढलं. अक्का येता-जाता विचारायची, "काय, पोरगी हाय का पळाली?" ती हसायची, पण मला उठवलं मात्र नाही.

उठवलं ते चंदना दुसरीत गेल्यावर, जूनमध्ये. "स्नेहल, आता बास. तू हितं बसलीस की ती खेळत न्हाय. सारखी तुझ्याकडंच बघती. बारा वाजता जेवणाला मी असतेच की. मी बघते."

मी घरी बसायला शिकले. जुलै सगळा शिकण्यात गेला. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, साडेबाराला, मी घरी कपडे वाळत घालत होते.

त्या दिवशी शाळेत भात आणि मुगाची आमटी होती. चंदना दुसरीच्या रांगेत शेवटी बसली होती. पहिला भात तिनं खाल्ला. दुसऱ्यांदा वाढायला चिमणाबाई आली, तिनं ओगराळं भरून आमटी ओतली आणि पुढच्या रांगेकडं वळली. चंदना रडली नाही, ओरडली नाही. ताट दोन्ही हातांनी धरून उठली, नळाजवळ उभ्या असलेल्या अक्काकडं गेली आणि तिचा पदर ओढला. ताटातल्या आमटीत मेलेली पाल होती.

"आई, तिचं पोट पांढरं होतं," एवढंच तिनं मला सांगितलं. पुन्हा पुन्हा, तेवढंच.

पुढचं सगळं अक्कानं केलं. सगळ्या पोरांना घास टाकायला लावला, चुळा भरायला लावल्या. चंदनाला नळाखाली धरून, घशात बोट घालून ओकायला लावलं. दोन्ही पातेली मागच्या शेतातल्या खड्ड्यात ओतली. वर माती ओढली. मग चिंच आणि राख घेऊन पातेली स्वतः घासली, जेवणाची जागा धुऊन काढली. चंदनाला स्कूटीवर पुढं उभी करून शहरात डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, औषध दिलं, काही नाही म्हणाले. त्यानंतर मला फोन.

"आधी ऐक," ती म्हणाली. "पोरगी बरी हाय. हे आधी ऐक. आता बाकीचं सांगते."

तिनं त्या क्रमानं सांगितलं म्हणून मी उभी राहू शकले.

संध्याकाळी ती चंदनाला घेऊन घरी आली तेव्हा मी विचारलं, "अक्का, आमटी थोडी बाजूला काढून ठेवलीस ना?"

तिला कळलंच नाही. "ठेवायची? तसली?"

"फोटो तरी?"

"स्नेहल, मेलेलं पडलेलं अन्न कुणी घरात ठेवतं व्हय? फोटो काढत बसू का भांडं धू?"

मी बी.एस्सी. झालेय, सूक्ष्मजीवशास्त्रात. मी तिथं असते तर एक चमचा बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवला असता. पण मी तिथं नव्हते. आणि खरं सांगायचं तर ती लिंगायत, आम्ही जैन. दोघींच्या स्वयंपाकघरात तसलं अन्न डोळ्यांसमोर क्षणभरही राहू देत नाहीत. माझ्या सासूबाईंनी हेच केलं असतं. त्यांनी तर पातेलंच टाकून दिलं असतं.

जायच्या आधी अक्का मला दारात म्हणाली, "पोरगीचं नाव मी कुठं घेणार न्हाय. तूबी घेऊ नको. एका पोरानं दावलं, एवढंच सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या ग्रुपवर मेसेज आला. 'अध्यक्षांनी १४० मुलांना उपाशी ठेवले.' खाली रागावलेली तोंडं.

आमच्या गावात वरची गल्ली आणि खालची गल्ली असे दोन गट आहेत. दूध कुठल्या संस्थेत घालायचं, ऊस कुठल्या कारखान्याला जाणार, गणपती कुठला, सगळं त्यावर. कुणाच्या लग्नात कोण वाढपी, हेही. अक्का वरच्या गल्लीची. शाळेतला स्वयंपाक करणारा बायकांचा बचत गट खालच्या गल्लीचा. पाल पडलीच नव्हती, आपल्या गल्लीतल्या बायकांना ते काम मिळावं म्हणून अक्कानं नाटक केलं, असं खालच्या गल्लीचं म्हणणं. पडली म्हणता, तर दाखवा. दाखवायला काय होतं? घासलेलं पातेलं. ते तर आरशासारखं लखलखत होतं.

हेडसर त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते. बाकीच्या शिक्षकांनी काही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं होतं ते तिघींनी. अक्कानं, ओगराळं धरणाऱ्या चिमणाबाईनं, आणि आठ वर्षांच्या माझ्या मुलीनं.

आठ दिवसांत ठराव आला. अध्यक्षांना पदावरून दूर करावे. सभा शनिवारी, शाळा सुटल्यावर.

मीही समितीत होते. अक्कानंच घेतलं होतं, "नुसती बसून असतीस, जरा कामाला ये," म्हणून. आम्ही बारा जण. जिच्यावर ठराव तिनं मत द्यायचं नाही, म्हणून अकरा. पाच वरच्या गल्लीचे, पाच खालच्या गल्लीचे. अकरावी मी. जैनांची गावात पाच घरं, आम्ही कुठल्याच गल्लीचे नाही. सासूबाई, पद्मावती त्यांचं नाव, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दोन्ही गल्ल्यांचं पाणी आपल्या दारावरनं वाहतंय. कुणाचं अडवायचं न्हाय."

माझा नवरा ऋषभ फाउंड्रीत असतो. तो कमी बोलतो. "चंदनाला त्यात आणू नको," एवढंच म्हणाला. आणि मग थोड्या वेळानं, "अक्काला पण सोडू नको." दोन्ही कसं करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं.

चंदना त्या दिवसापासून आमटी खात नव्हती. वरण नाही, ताक नाही, जे पातळ ते काहीच नाही. कोरडी भाकरी मोडून, आतून बघून खायची. मैदानावर पोरांनी नवीन खेळ काढला होता. एकानं पाल व्हायचं, ज्याला शिवेल तो मेला. चंदना त्यात पळायची. मी गेटबाहेरून बघितलं होतं. आपल्याला कुणी शिवू नये म्हणून ती इतकी पळायची की एकदा तिच्या नाकातून रक्त आलं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी गृहपाठ करता करता ती म्हणाली, "आई, उद्या मला बोलवणार काय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहीत हाय. साक्षीदार बोलवणार म्हणं. मी सांगते की. मी पाठ केलंय." वही बाजूला ठेवून उभी राहिली, हात मागं बांधले, पंधरा ऑगस्टला भाषण करतात तसे. "माझं नाव चंदना ऋषभ चौगुले. मी दुसरीत शिकते. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा आमटी घेतली. मला पाल दिसली. तिचं पोट पांढरं होतं. मी अक्कांना दाखवली. अक्का खरं बोलतात."

शेवटचं वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"छान," मी म्हणाले. "बस आता. पाढे लिही."

त्यानंतर ती जेवली नाही. मीही नाही.

शनिवारी सभा सातवीच्या वर्गात भरली. बाकं लहान, माणसं मोठी. गुडघे वर घेऊन सगळे बसले होते. चिमणाबाई बाहेर पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती, बोलवलं तर हजर म्हणून. साठीची बाई. तिच्या हातच्या खिचडीवर गावातली दोन पिढ्यांची पोरं वाढली. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नव्हता. छपराला फट होती, त्यातून पाल पडली. तिनं एकदा म्हणायचं होतं, हो, पडली. पण ती हो म्हणाली की गटाचं काम गेलं आणि काम गेलं की खालची गल्ली तिच्या दारात. एवढा हिशोब तिला कळत होता.

ठराव वाचून झाल्याबरोबर वरच्या गल्लीचे अमरसिंह उठले. माजी सैनिक, नात शाळेत. "आधी साक्षीदार. चिमणाबाई भाईर बसल्यात. दुसरीची पोरं हायत. अर्ध्या तासाचं काम. मग काय मतदान करायचं ते करा."

समोरून खालच्या गल्लीचा धैर्यशील. वय पस्तीस, कपडे पांढरे, बोलणं गोड. "दादा, साक्ष कशाची? नोटिशीत काय लिहिलंय? अध्यक्षांनी पोरांचं जेवण ओतलं. अध्यक्ष म्हणत्यात, व्हय, ओतलं. झालं की."

"का ओतलं, ह्याची साक्ष."

"का, हे आता कोण सांगणार? पाल येणार हाय काय सांगायला?"

खालची गल्ली हसली. वरच्या गल्लीतलाही एक हसला, मग खोकल्यासारखं केलं.

"पाल असती तर फोटो असता," धैर्यशील पुढं म्हणाला. "आमच्या गावात माणूस चहा पितानाचा फोटो टाकतोय. अन् एवढी मोठी पाल, तिचा फोटो न्हाय?"

"पोरांच्या घशात बोटं घालू का फोटो काढू?" अक्का म्हणाली. तेवढं एकदाच ती बोलली होती तोवर.

"म्हणूनच म्हणतोय," अमरसिंहांनी बाकावर हात आपटला, "बोलवा की चिमणाबाईला. भेता कशाला?"

"भेतोय कोण? दोन वर्षांमागं कोण भेत होतं ते आधी बघू. हेडसर, जुनं रजिस्टर काढा."

हेडसरांना तेच नको होतं. त्यांनी चष्मा पुसला, कपाट उघडलं, रजिस्टर मिळायला नको म्हणून दोन वेळा चुकीचं काढलं. तिसऱ्यांदा बरोबर निघालं. दोन वर्षांपूर्वी खालच्या गल्लीचा अध्यक्ष होता. शाळेची कुंपणभिंत एका पावसात पडली, तेव्हा त्याच्यावर ठराव होता. त्या वेळी गवंड्याला साक्षीला बोलवा म्हणून धैर्यशील ओरडत होता. हेडसरांनी खालमानेनं वाचलं, "साक्षीदार बोलवण्याची या समितीत प्रथा नाही. सबब मागणी फेटाळण्यात यावी. सूचक, श्री. अमरसिंह..."

पुढचं आडनाव हशात बुडालं.

"ती भिंत हुती," अमरसिंह लाल झाले. "हे पोरांच्या पोटाचं हाय."

"मग तवाची तुमची अक्कल खरी का आत्ताची, तेवढं एकदा ठरवून सांगा. आम्ही त्याप्रमाणं चालू."

"अन् तुझी? तवा तुला साक्षीदार पाहिजे हुते. आता नकोत?"

"मी तुमच्याकडनंच शिकलो की, दादा."

अर्धा तास हेच चाललं. कोण कधी काय म्हणालं होतं. त्या अर्ध्या तासात चिमणाबाईला बोलवून, विचारून, चहा पाजून घरी पाठवता आलं असतं. मी अक्काकडं बघत होते. ती खिडकीतून बाहेर बघत होती, बाकाकडं.

मग धैर्यशील म्हणाला, "बरं, साक्षीदार बोलवू. कुठल्या पोरानं दावली पाल? अध्यक्ष, नाव सांगा."

सगळे अक्काकडं वळले.

"नाव सांगणार न्हाय," अक्का म्हणाली. "लहान लेकरू हाय."

"बघा. साक्षीदार पाहिजे, पण नाव न्हाय."

"अक्का, सांग की," अमरसिंहच वैतागले. "तुझ्यासाठीच भांडालोय न्हवं आम्ही?"

"न्हाय सांगणार."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. माझ्या दिशेनं मान वळेल म्हणून तिनं मान हलवायचीच टाळली होती, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

"मग सगळ्या दुसरीलाच बोलवा," अमरसिंह म्हणाले. "बावीसच्या बावीस पोरं. एकेक विचारू. एक तर बोलंल."

बोलेल. हात मागं बांधून, नाव सांगून बोलेल, हे मला माहीत होतं. त्यानंतर धैर्यशील गोड आवाजात विचारेल. केवढी होती? शेपूट होतं? तू आधी का बोलली नाहीस? तुला अक्कानं शिकवलं ना? अक्का खरं बोलतात, हे तुला कुणी सांगायला सांगितलं? आणि खालच्या गल्लीचे पाच जण हसतील, आत्ता हसले तसे. आणि सोमवारी मैदानावर पाल कुणी व्हायचं हे कायमचं ठरून जाईल.

मी उठून म्हणू शकत होते, माझी मुलगी आहे. मला सांगितलंय तिनं. त्यावर धैर्यशीलचं उत्तर तयारच असणार, वहिनी, ऐकीव चालत न्हाय, पोरीला आणा. ह्या सगळ्याचा मी तेव्हा इतका नीट विचार केला होता की नंतर, हे फक्त कारण होतं का, असंही मला वाटत राहिलं. सासूबाईंची भाजी निवडणारी बोटं मला तेव्हा दिसत होती, तेही खरं आहे.

हेडसर म्हणाले, "साक्षीदार बोलवावेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

पाच हात. अमरसिंहांचा सगळ्यांत उंच.

"बोलवू नयेत?"

पाच हात. हेडसर माझ्याकडं बघून थांबले. सगळेच थांबले. मी हात वर केला. तो माझा हात आहे असं मला वाटलं नाही. बांगड्या खाली सरकल्या तेव्हा कळलं.

"सहा विरुद्ध पाच," हेडसर म्हणाले. "मागणी नामंजूर."

अमरसिंह माझ्याकडं वळले. शिवी देतील असं वाटलं. "तूबी?" एवढंच म्हणाले. मग चप्पल शोधली. "साक्ष न्हाय तर सभा कसली? चला रे. सभात्याग."

मी तोवर एक ठरवून ठेवलं होतं. साक्षीदार नकोत, पण ठरावावर मी अक्काच्या बाजूनं हात वर करणार. सहा विरुद्ध पाच, अक्का वाचणार. चंदनाही वाचणार. दोन्ही. गेले दोन दिवस मी हा हिशोब मनात करत होते आणि तो बरोबर येत होता. त्यात सभात्याग नव्हता. वरच्या गल्लीचे पाचही जण, मान ताठ करून, एकामागोमाग एक, सातवीच्या वर्गातून बाहेर पडले. मी म्हणाले, "दादा, थांबा, मतदान व्हायचंय." आवाज निघाला की नाही मला माहीत नाही. बाहेर त्यांनी घोषणासुद्धा दिली. त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

धैर्यशील त्या रिकाम्या बाकांकडं बघत राहिला. त्यालाही इतकं सोपं होईल असं वाटलं नसावं.

ठरावाच्या बाजूनं पाच. विरुद्ध एक. मी हात खूप वेळ वर धरला. हेडसरांनी लिहून झाल्यावर सांगितलं, "मॅडम, घ्या खाली."

अक्का उठली. कपाटाची किल्ली पदराच्या गाठीतून सोडवली, टेबलावर ठेवली. माझ्या बाकापाशी आली तेव्हा मला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं असं वाटत होतं. काहीही.

"चंदना जेवती का आता?" तिनं विचारलं.

"कोरडं खाते."

"मेतकूट भात दे. पातळ नसतंय ते." आणि गेली.

मी बाहेर आले तेव्हा पायरीवर चिमणाबाई उठून उभी होती. तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला, घामानं. "बाई, लई बरं केलंसा," ती हळू म्हणाली. "आपण दोघी वाचलो की."

मी हात सोडवून घेतला नाही. कुठल्या तोंडानं सोडवणार होते?

घरी चंदना युनिफॉर्मवरच बसली होती. वेणी पुन्हा घालून घेतली होती आजीकडून. "बोलवलं?"

"नाही बाळा. गरज नाही पडली."

"मग अक्का अजून अध्यक्ष हायत?"

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सोमवारी शाळेतून आल्यावर चंदनानं दप्तर ठेवलं आणि विचारलं नाही. तिला कळलं होतं. कुणी सांगितलं, काय सांगितलं, मी खोदून खोदून विचारलं. आधी ही पोरगी शाळेतलं सगळं सांगायची. कुणाची पेन्सिल कुणी घेतली, कोण वर्गात झोपलं, बाईंनी कुठली साडी नेसली होती. आता "काय न्हाय" म्हणायची. काय झालं आज? काय न्हाय. पोरं चिडवतात? काय न्हाय.

भाद्रपदात आमचं पर्युषण आलं. दहा दिवस बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पूजा, उपवास, प्रवचनं. संपल्यावर क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची. पूर्वी घरोघर जायचे, आता फोनवर फुलांचं चित्र येतं, त्यावर हात जोडलेले. मीही ते चित्र सगळ्यांना पाठवलं. चुलत्यांना, माहेरी, कॉलेजच्या मैत्रिणींना. नावं एकेक करून निवडत असताना अक्काचं नाव आलं. बोट थांबलं. मग निवडलं. सगळ्यांबरोबर तिलाही तेच चित्र गेलं. दोन मिनिटांत तिचे जोडलेले हात परत आले. सगळ्यांचे येतात तसे.

संध्याकाळी सासूबाई चंदनाला शिकवत होत्या. मोठ्यांच्या पाया पडून म्हणायचं, माझं चुकलं असेल तर क्षमा करा. ती आजीच्या पाया पडली, बाबाच्या पडली, माझ्या पडली. मग चप्पल घालायला लागली.

"कुठं?"

"अक्कांच्या घरी."

"कशाला?"

ती माझ्याकडं बघत होती, हे मला कळत कसं नाही म्हणून. "मी बोलले न्हाय म्हणून त्यांना काढलं. त्याची मागायची हाय."

"चंदना, तुझं नाही चुकलं. तुला कुणी बोलवलंच नाही."

"मी जाऊ शकत होते की. दार उघडंच होतं."

हे तिनं किती दिवस आत ठेवलं होतं, मला माहीत नाही. रोज दोन वेळा तिच्या कपाळाला हात लावून बघणारी मी. मी तिला म्हणायला हवं होतं, हात मी वर केला होता, तुझ्या आईनं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं. ऋषभही माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "चल, मी येते सोबत."

वरच्या गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. चंदना एकटी पुढं गेली. अक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. चंदना तिच्यासमोर उभी राहिली, हात मागं बांधले. काय बोलली ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. पण बराच वेळ बोलत होती. पाठ केलेलं होतं तेवढ्यापेक्षा जास्त. मग खाली वाकली. अक्कानं तिला मध्येच धरलं, पायांपर्यंत जाऊ दिलं नाही. सूप बाजूला सारून मांडीवर घेतलं, एवढी मोठी पोरगी, आणि पदरानं तिचं तोंड पुसत तिच्या कानाशी काहीतरी सांगायला लागली. सांगता सांगता तिची नजर वर आली. मी विजेच्या खांबाशी उभी होते. तिनं मला बघितलं. बोलवलं नाही, वळवलीही नाही नजर. पुन्हा खाली वाकून सांगत राहिली.

चंदना परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि मुठीत गुळाचा खडा होता. मी हात पुढं केला. तिनं गूळ दुसऱ्या मुठीत घेऊन मोकळा हात मला दिला.

"काय म्हणाली अक्का?"

ती गूळ चोखत दहा-बारा पावलं चालली.

"काय न्हाय," म्हणाली.